मिस्टर बंद पडलेत

२६ फेब्रुवारी, मंगळवार

अकरा वर्षं पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीवर बसून जेवढी शोभा झाली नव्हती, तेवढी आज दोन मिनिटांत झाली.

एक बाई आली. काचेच्या भोकातून काहीतरी म्हणाली. शेजारच्या खुर्चीतल्या पोपटाने नेहमीप्रमाणे तिचं बोलणं मोठ्याने परत म्हटलं. मी नेहमीप्रमाणे त्याच्या ओठांवर डोळा ठेवून वाचलं — "मिस्टर बंद पडलेत. चार दिवस झाले."

माणूस म्हणून माझंही काही कर्तव्य आहे! म्हटलं, "अहो, मग दवाखान्यात न्या ना! इथे कशाला आणलंत?"

रांग हसली. बाई नाही हसली. मीटर बंद पडला होता. पाण्याचा.

फिटर आत चहा पीत उभा होता, तो तर भिंत धरून हसला. "ताई, मिस्टर खोलायचा पाना नाही हो आपल्याकडे!"

पोपट तेवढा हसला नाही. मान खाली घालून पावती लिहीत बसला. माझी लाज राखली. लाज राखणाऱ्याचा जास्त राग येतो — हे इथेच लिहिते, बाहेर म्हणायची सोय नाही.

२७ फेब्रुवारी

पोपट हे नाव मीच ठेवलंय. तोंडावर 'भाऊ' म्हणते. निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं — एक चालणारं, एक शोभेचं. समोरचा काहीही म्हणो, हा ते मोठ्याने परत म्हणणार आणि मान वळवून माझ्याकडे बघणार. "नळाला पाणी नाही." — "नळाला पाणी नाही!" "पाणी गढूळ येतं." — "पाणी गढूळ येतं!" मी मान डोलावते आणि नोंदवहीत लिहिते, मग तो पावती फाडतो. दोन वर्षांपूर्वी ह्या खिडकीवर आला, तेव्हापासून हाच कार्यक्रम. डोकं उठतं.

आणि त्याच्याशिवाय माझा एक दिवस निघणार नाही. काचेपलीकडचं मला ओ की ठो कळत नाही. काचेवर ओरखडे. त्यावर कुणा शहाण्याने नियमांचा कागद डकवलाय, नेमका लोकांच्या तोंडासमोर. पोपटाचं तोंड मात्र माझ्याकडे असतं. दाढी रोज गुळगुळीत, शब्द मोकळे. मी ऐकत नाही, वाचते.

कुणालाच माहीत नाही. घरी म्हणते, तुम्ही पुटपुटता. ऑफिसात म्हणते, पंखा वाजतो.

तक्रार खिडकीवर ऐकू न येणारी बाई! खात्याने जाहिरात देऊन शोधली असती तरी इतकी योग्य सापडली नसती.

१ मार्च, शुक्रवार

साहेबांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. ते दाराकडे तोंड करून बोलत होते, म्हणजे मला त्यांची पाठ ऐकू आली. बाहेर आल्यावर नोटीस वाचली.

'दिनांक १ एप्रिलपासून तक्रार खिडकी बंद. सर्व तक्रारी दूरध्वनीवर घेतल्या जातील.'

एक एप्रिल! खात्याला विनोद कळत नाही असं कोण म्हणतं?

खाली बारीक अक्षरात — ज्यांना हे काम जमणार नाही त्यांची सोय तळघरातल्या जुन्या नोंदींमध्ये. तिथे एक दिवा, दोन कपाटं आणि वाळवी. तिथून माणूस निवृत्त होऊनच वर येतो.

फोनला ओठ नसतात.

३ मार्च, रविवार

लेकीचा फोन आला. नेहमीप्रमाणे नाव बघून यांच्या हातात दिला. "रेंज नाहीये म्हणावं, मेसेज करायला सांगा."

बोलणं झाल्यावर फोन टीपॉयवर ठेवत हे म्हणाले, "दोन वर्षं झाली, तुझ्या फोनला रेंज नाही. त्याच खोलीत माझ्या फोनला फुल्ल."

मी भांडं घासत होते. नळ जोरात सोडला. पण ऐकलं होतं. नेमकं हेच कसं ऐकू येतं?

५ मार्च

गेले. यांना म्हटलं दाताच्या डॉक्टरकडे जाते. कानासाठी दाताचं नाव — म्हणजे किती लाज वाटत असेल ते बघ.

कान तपासणारी तिशीची असेल. तिला नाव दिलं कानवाली. तिने काचेच्या खोलीत बसवून हातात बटण दिलं. "आवाज आला की दाबा." मी प्रामाणिकपणे दाबत होते. मधेच इतका वेळ काही आलं नाही की वाटलं ती जेवायला गेली. ती समोरच होती, आवाज सोडत होती. एकामागोमाग एक.

मग कागदावर रेघ दाखवली. डावीकडे बरी चाललेली, उजवीकडे कड्यावरून खाली.

"आवाज येतो तुम्हाला. शब्दांच्या कडा गेल्यात. स, त, क, फ. बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज आधी जातात."

"आणि साहेबांचा?"

"जाड आवाज आहे? तो सगळ्यात शेवटी जातो."

म्हटलं, हा तर अन्याय आहे. ती हसली, मग गंभीर झाली. "इतके दिवस कसं निभावलंत?"

पोपटाचं नाव सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं.

९ मार्च, शनिवार

यंत्रं मिळाली. हरभऱ्याएवढी, कानामागे बसतात, केसांत दिसत नाहीत. शेवटी यांना खरं सांगून बरोबर घेऊन गेले होते, कारण त्यात ॲप असतं, जोडणी असते आणि मला त्यातलं काही कळत नाही. यांनाही कळत नाही, पण ते तसं म्हणत नाहीत.

कानवाली म्हणाली, "पंधरा दिवस घरातच सवय करा. गर्दीत एकदम नको. मेंदूला विसरलेलं पुन्हा आठवायला वेळ लागतो."

रिक्षात बसले तर माझ्याच पिशवीच्या कागदाने कान फाटले. स्वतःचा आवाज डब्यातून आल्यासारखा. हे म्हणाले, "कसं वाटतंय?" म्हटलं, "तुम्ही खरंच पुटपुटता हो!"

इतकी वर्षं थाप मारत होते, ती खरी निघाली.

१० मार्च, रविवार

सकाळी न्हाणीघरात तोंड धुतेय आणि माझ्या डोक्यात एक पुरुष म्हणतो — "श्वास आत घ्या. पोट आत. आणखी आत."

किंचाळलेच. बाहेर आले तर हे दिवाणखान्यात चटईवर आडवे, फोन हलवतायत. "बिघडला वाटतं. व्यायामाचा व्हिडिओ चालू आहे, पण आवाजच नाही."

यांनी यंत्रं स्वतःच्याच फोनला जोडली होती! यांचं पोट आत घ्यायचं, आज्ञा मला.

तेवढ्यात यांच्या मित्राचा फोन. हे "हॅलो, हॅलो, आवाज येत नाही" करत गॅलरीत, आणि इकडे माझ्या कानात तो स्वच्छ — "काय रे, वहिनींनी मशीन घेतलं म्हणे? आता तुझं काही खरं नाही!"

गॅलरीत जाऊन यांना म्हटलं, "ते म्हणतायत, आता तुमचं काही खरं नाही."

यांचं तोंड! दोन वर्षांत घरात इतकं हसलो नव्हतो.

११ मार्च

यंत्रं घालून ऑफिसला गेले, रांग लागायच्या आधी अर्धा तास. चप्पल वाजते. खुर्ची कण्हते. शिक्का मारला की टेबल ओरडतं. आणि मागे कुठेतरी — टप्. टप्. टप्.

शोधत गेले. हात धुवायच्या जागेचा नळ. खाली चिनी मातीवर तपकिरी रेघ पडलीय, म्हणजे वर्ष तरी झालं असेल. पाणीपुरवठा खात्याचा नळ गळतोय आणि आम्ही दहा पावलांवर बसून लोकांच्या गळत्या लिहून घेतोय!

पोपट आला तसं म्हटलं, "भाऊ, आपलाच नळ गळतोय!"

तो शांतपणे म्हणाला, "हो ना. कळतंय."

काय माणूस आहे! एका शब्दात सगळ्या खात्यावर भाष्य केलं. मला वर्षानुवर्षं असं सुचलं नाही.

रांग लागल्यावर यंत्रं काढून डबीत ठेवली. चाळीस माणसं, पंखा, शिक्का — सगळं एकदम ओतलं जातं. पुन्हा पोपटाच्या ओठांवर.

१२ मार्च

आमच्याच नळाची तक्रार रीतसर नोंदवली. अर्जदार — मी. फिटर म्हणाला, "ताई, आठ दिवसांत बघतो." दहा पावलं आहेत.

१४ मार्च

यंत्रं शेवटी माझ्या फोनला जोडली. कानवालीने बोलावून समोर बसवून करून घेतलं. आधी जुनी जोडणी विसरायला लावली — 'हे उपकरण विसरा' असं बटणच असतं. म्हटलं, असं बटण माणसांसाठीही असतं तर! ती म्हणाली, "सगळ्या बायका हेच म्हणतात."

संध्याकाळी लेकीचं नाव दिसलं. हे हात पुढे करून बसलेले, सवयीने. मी दिला नाही.

"बाबा, आईला सांगा ना की —"

"आईच बोलतेय."

मी कानामागचं यंत्र चाचपलं. मला वाटलं जोडणी तुटली.

मग ती म्हणाली, "आई? रेंज आली?"

दोन्ही कानांच्या मध्ये, डोक्याच्या आत, तिचा आवाज. कडांसकट. मला वाटायचं लेकीचा आवाज घोगरा झाला, मोठ्या शहराची हवा लागली. तसाच आहे. शब्द संपताना वर उडी मारतो, चौथीत होती तेव्हा मारायचा तसा.

काय बोललो आठवत नाही. गॅसवर भाजी करपली. यांनी तशीच खाल्ली, एक अक्षर न बोलता. पुटपुटलेसुद्धा नाहीत.

१८ मार्च, सोमवार

हुरूप आला होता, खात्याने जागेवर आणला.

तक्रारीसाठी नवा फोन आला. टेबलावरचा, वायरचा, काळा, माझ्याहून म्हातारा. ह्याला माझी यंत्रं जोडता येत नाहीत. रिसीव्हर कानाला लावला तर शिट्टी वाजते. कानवालीला मेसेज केला. उत्तर — 'तक्रारीचा नंबर मोबाइलवर घेता येईल का? मग मी सगळं जोडून देते.'

म्हणजे साहेबांना सांगावं लागणार. का हवा मोबाइल, ते. कागदावर. सहीनिशी.

१९ मार्च

अर्ज लिहिला. फाडला.

२० मार्च

अर्ज लिहिला. 'मला कमी ऐकू येत असल्यामुळे' ह्या पाच शब्दांना चार कागद लागले. दिला.

२१ मार्च

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. चष्मा काढला.

"तुम्हाला ऐकू येत नाही?"

"येतं. फोन यंत्रांना जोडला तर चांगलं येतं. आत्ता तुम्ही समोर बसून बोलताय, तेही येतंय."

"पण बाई, मग इतके दिवस तक्रारी कोण ऐकत होतं?"

"आपल्या खात्यात कोण ऐकतं, साहेब?"

तोंडातून निघून गेलं! वाटलं, संपलं, तळघर. आधी साहेबांचं पोट हलायला लागलं, मग खुर्ची. हसत होते.

"पाहणीसाठी घेतलेला एक मोबाइल कपाटात पडलाय. घ्या. पंधरा दिवस बघतो. पण चुकीच्या नोंदी दिसल्या तर माझा नाइलाज आहे. आधीच वरून विचारणा होतेय. ह्या खिडकीच्या फार नोंदी चुकतात म्हणे."

माझ्याच चुका. दुसऱ्या कोणाच्या असणार?

२२ मार्च

आणि लगेच पुरावा. फिटर घामाघूम होऊन आला. "ताई, सतरा नंबरच्या घरी गेलो. तिथे धो धो पाणी. त्या आजी म्हणाल्या, आलाच आहेस तर बादली उचलून दे. तक्रार सत्तर नंबरची होती!"

नोंदवहीत माझ्या अक्षरात सतरा. पोपटाच्या ओठांवर मी सतराच वाचलं होतं. यंत्रं डबीत होती. चूक माझीच.

"माझंच चुकलं," म्हटलं. पोपटाने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर फिरवली. पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं.

२५ मार्च, सोमवार

पोपटाने बदली मागितलीय! तळघरात! स्वतःहून!

फिटरने सांगितलं. मी म्हटलं, "तिथे कोणी स्वतःहून जातं का?"

"मला काय माहीत? पण ताई, एक सांगू? ह्या खिडकीवर यायच्या आधी हा माणूस कुणाशी बोलायचा नाही. हूं नाही की चूं नाही. हे मोठ्याने म्हणून दाखवणं तुमच्या शेजारी बसल्यावरच सुरू झालं."

घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यात. यंत्रांशिवायही.

म्हणजे त्याला माहीत होतं. पहिल्यापासून. तोंड माझ्याकडे वळवून, शब्द मोकळे करून, रोज शंभर वेळा — माझ्यासाठी. आणि मी त्याला काय म्हणत होते? पोपट! आता माझ्या कानांची सोय झाली म्हणून तो मोकळा होऊन तळघरात चालला. ह्या वहीत तीस वेळा तरी ते नाव लिहिलं असेल. खोडून काढावंसं वाटतं.

२८ मार्च

धीर करून म्हटलं. संध्याकाळी खिडकी बंद झाल्यावर तो रबरी शिक्के डब्यात भरत होता.

"भाऊ, तुमचे आभार मानायचे राहिले."

मान वर न करता म्हणाला, "कारभार असाच चालायचा, ताई."

किती मोठं मन! आभारसुद्धा स्वीकारत नाही. मी घरी येऊन रडले. हे म्हणाले, "काय झालं?" म्हटलं, "जगात चांगली माणसं आहेत हो." हे घाबरून गेले. माझ्या तोंडून असलं वाक्य त्यांनी लग्नापासून ऐकलं नव्हतं.

३१ मार्च, रविवार

लेकीने सराव घेतला. ती ग्राहक, मी खातं. "हॅलो, आमच्याकडे पाणी येत नाही." — "पत्ता सांगा." — "पत्ता नाही सांगणार, आधी पाणी द्या!" अशा भांडखोर बायका करून दाखवल्या, एक रडणारे आजोबा करून दाखवले. आकडे मुद्दाम भरभर सांगितले. सगळे बरोबर लिहिले. एकदा सदुसष्ट आणि सत्तावन्नमध्ये अडखळले. ती म्हणाली, "आई, तिथे सगळेच अडखळतात."

१ एप्रिल, सोमवार

बावन्न फोन. बावन्न! एकही नोंद चुकली नाही. काच नाही, नियमांचा कागद नाही, थेट डोक्यात माणूस. एक बाई म्हणाली, "तुम्ही इतकं नीट ऐकून घेताय, नंबर बरोबरच लागलाय ना?"

फक्त शेजारची खुर्ची रिकामी. भाऊ आले नाहीत. पोट बिघडलं म्हणून चिठ्ठी. बदली पंधरा तारखेपर्यंत होणार नाही. तोवर आम्ही दोघंच आहोत ह्या फोनला — मी ऐकून मोठ्याने सांगायचं, त्यांनी लिहायचं. आता पोपट मी! आनंदाने होईन.

आणि हो, फिटरने नळ दुरुस्त केला. टप् टप् नाही. थोडं चुकल्यासारखं वाटलं.

२ एप्रिल

भाऊ आले. पहिला फोन. बाईने तक्रार सांगितली आणि मी खाली फोनकडे बघत मोठ्याने सांगितलं — "मीटर बंद पडलाय, चार दिवस झाले."

शेजारून भाऊ, तितक्याच मोठ्याने — "मिस्टर बंद पडलेत! चार दिवस झाले!" आणि मान वळवून माझ्याकडे.

यंत्रं कानात होती. ह्या वेळी मी वाचलं नाही, ऐकलं.

पत्ता स्वतः लिहून घेतला. फोन ठेवला. कोऱ्या पावतीवर लिहिलं — 'भाऊ, किती दिवसांपासून?' — आणि त्यांच्यापुढे सरकवली.

वाचली. टोपण लावलं, काढलं. "तीन वर्षं झाली. जेवढं कळायचं तेवढं मोठ्याने म्हणून बघायचो. तुम्ही मान डोलावायचात, ताई. वाटायचं, म्हणजे बरोबर आहे."

म्हणजे शेजारी बसून दोन वर्षं! साऱ्या गावाच्या तक्रारी आम्ही एकमेकांच्या भरवशावर ऐकल्या.

त्यांच्याकडे तोंड केलं, सावकाश म्हटलं, "तो तळघराचा अर्ज मागे घ्या. आणि शनिवारी माझ्याबरोबर चला — कानवालीकडे."

भाऊ दचकले. आजूबाजूला पाहिलं. मग मोठ्याने, माझी मान डोलायची वाट बघत —

"गाणेवालीकडे? ताई, ह्या वयात?"

मी मान डोलावली.